आतून बाहेरचं दिसतं

कारेगाव, गुरुवार

प्रिय धनू,

तू शिकवलेला प्रोग्राम अखेर चालला. दोन्ही गाईंच्या दुधाचे आकडे भरले की तो बेरीज दाखवतो. आधी नवा आकडा घातला की मागचं सगळं विसरायचा. मला वाटायचं, तुझा लॅपटॉपच म्हातारा झाला. मग तू फोनवर हसत सांगितलंस, की आप्पा, बेरीज तुम्ही फंक्शनच्या आत ठेवलीय; त्याचं काम संपलं की आतलं सगळं पुसलं जातं. ती बाहेर ठेवा.

पूजा उरकली की मी त्यावरच विचार करत बसतो. फंक्शन म्हणजे एक खोली. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. आतल्याने काही बाहेर दिलं तरच कळतं. दुपारी गोठ्याजवळ डोळा लागला की स्वप्नातही अशा खोल्या येतात. एकीतून दुसरीत जातो आणि मागची धुक्यासारखी विरते. कुठेतरी आत कुणी गात असतं. आवाज तुझा असतो, पण दार सापडत नाही.

लग्नात मल्हारने तांदळाच्या ताटात तुझं नवं नाव 'मयूरी' लिहायचं, असा दौंडहून निरोप आला. त्याच्या आई, अनसाबाई, तर आत्तापासूनच तुला मयूरी म्हणतात. तू रडशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, लिहू द्या की, ते त्यांच्या घरापुरतं, लोकल. बाहेर मी धनश्रीच. मला पटलं. हुशार मुलीचं बोलणं बापाला लवकर पटतं.

मग परवा शिक्रापूरहून तुझा हनुमंतमामा बऱ्याच वर्षांनी आला. फाटकातूनच ओरडला, "म्हाळसे, पानी आन गं!" कोणाला बोलावतोय म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. आणि तुझी आई पिठाच्या हातांनी धावत गेली, परकरातल्या पोरीसारखी. लग्नापासून मी तिला सविता म्हणतोय, आमच्या घरातलं नाव. मामा गेल्यावर मी विचारलं, म्हाळसा इतकी वर्षं कुठं होती? म्हणाली, "कुठं जाती? हाय की आतच. कुनी हाक मारली न्हाई."

धनू, तुझं फंक्शन क्षणात संपतं. तुला त्या घरात आयुष्य काढायचंय. आणि आत काय चाललंय, ते मला इथून दिसणार नाही.

म्हणून तुला न विचारता काल मी न्हावऱ्यावरून एसटीने दौंडला गेलो. अनसाबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. पोरीचं नाव राहू द्या, म्हणालो. त्या म्हणाल्या, "आप्पा, माझं बी बदाललंच की. मी काय मेले व्हय?" मी एवढंच विचारलं, तुमचं माहेरचं नाव काय हो? त्यांचा हात थांबला. सूप मांडीवरून खाली ठेवलं. नाव न सांगताच चहा ठेवायला आत गेल्या.

चहा झाला. ना हो म्हणाल्या, ना नाही. मी चपला घालत होतो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "ब्लाउजची मापं ऱ्हायलीत. धनश्रीला म्हनावं, रविवारी ये."

तुझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तेवढंच कळवायला हे पत्र. रविवारी जा.

देवाच्या दयेने इकडे सारे खुशाल.

तुझाच,
आप्पा