मुंढा आखताना

कॉटन ग्रीन, १ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप हेमचंद्रकाकांस अंबिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तर आधी मोबाइललाच शिव्या घालता, म्हणून पत्र. आई ठीक आहे, गुडघे सोडून.

आमच्या कारखान्यातले कटिंग मास्तर कायमचे गावी चालले. मी विकासशेठना सांगितलं की एकोणीस वर्षं काज-बटण करतेय, आता कातर द्या. ते हसले नाहीत, हेच नवल. वीस तारखेला परीक्षा आहे. त्यांच्या आईचा, कांताबाईंचा, ब्लाउज बेतून शिवायचा. त्यांचा डावा खांदा चांगला इंचभर उतरलेला आहे. जमलं तर मी मास्तर, नाहीतर मरेपर्यंत काजं.

म्हणून मोबाइलवर दोन फुकट कोर्स धरलेत. पहिल्यात एक कडक इस्त्रीतले गृहस्थ कागदावर बेततात आणि प्रत्येक धड्यानंतर पाच प्रश्न विचारतात. चुकलं तर बरोबर येईपर्यंत बटण दाबत राहायचं. मला नव्वद टक्के मिळाले, कापडाला हात न लावता! दुसऱ्यात शिकवणारं कुणीच नाही. सगळे आपापलं शिवून फोटो टाकतात आणि एकमेकांचं तपासतात. माझ्या बाहीला एकाने नुसता अंगठा दाखवला. केनियातल्या एका बाईने मात्र बाही जोडतात तो मुंढा पुढून खोल घे असं कळवलं. आता यातला कुठला पुढे न्यावा?

तुमची मर्जी राहो, एवढंच मागणं.

अंबिका

---

फणसवाडी, ६ फेब्रुवारी

चि. अंबिकास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून करमणूक झाली. नव्वद टक्के! आमच्या रघुवीरने दोन वर्षं नुसती इस्त्री केली, तेव्हा कुठे मी त्याच्या हातात खडू दिला, आणि तो खडूही त्याने पहिल्याच दिवशी मोडला. तुझे गृहस्थ अर्ध्या तासात मास्तर करतात म्हणे. पी हळद आणि हो गोरी. कागदाला ना खांदा, ना पोट, ना घाम. कागद बेतायला काय जातंय?

दुसऱ्या कोर्सचं तर बोलायलाच नको. शिकवणारा नाही आणि वर्ग भरलाय! उद्या डॉक्टरही असेच होतील, एकमेकांची पोटं तपासून. आणि ज्याने अंगठा दाखवला, त्याच्याकडून एकदा पायजमा शिवून घे, म्हणजे कळेल.

यातला कुठला कोर्स उतरलेला खांदा शिकवतो, तेवढं विचार. एकही नाही. तेव्हा दोन्ही सोड आणि काजं कर. तुझ्यासारखं काज गिरगावात कुणाचं नाही, हे मी आजही सांगतो. रागावू नकोस, जीव आहे म्हणून बोलतो.

तुझा काका

---

कॉटन ग्रीन, ११ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस सा. न.

रागावले आहे. तुम्ही कोर्सना नावं ठेवलीत, त्यातलं निम्मं खरंही आहे. कांताबाईंचं माप घेऊन जुन्या चादरीचे तीन ब्लाउज बेतले. तिन्ही डावीकडून फुगले. पहिल्या कोर्सला विचारलं, तर त्याने शाबासकीचा फुगा उडवला. त्या गृहस्थांना मी दिसतच नाही.

पण काका, तिसरा कोर्स फणसवाडीत होता, तो कुठे खुला होता? सोळा वर्षांची असताना तुमच्या दुकानात आले. मुलीच्या जातीने कातर धरू नये, काजं करावीत, नजर चांगली आहे, असं तुम्ही म्हणालात. मी काजं करत बसले. तुम्ही मुंढा आखायला लागलात की सगळ्यांकडे पाठ फिरवायचात. कारागिराने बाहीची ती गोलाई बघितली की उद्या शेजारी दुकान टाकतो, अशी तुमची भीती. तीन वर्षं मी तुमची पाठ पाहिली. बनियनची भोकंसुद्धा मला पाठ होती. मोबाइलमधला माणूस निदान तोंड इकडे करून आखतो.

तिन्ही फोटो दुसऱ्या कोर्सवर टाकले. केनियाच्या बाईने कळवलं की डावी-उजवी बाजू वेगवेगळी बेत, पण किती उतरवायचं ते अंगावर हात ठेवूनच कळतं, ते लिहून सांगता येत नाही. पुढे विचारलं की तुझ्या जवळपास कुणी जुना शिंपी नाही का.

चार दिवस झाले, तिला काय उत्तर द्यावं सुचत नाही.

कळावे.

अंबिका

---

फणसवाडी, १५ फेब्रुवारी

चि. अंबिकास आशीर्वाद.

हे रघुवीरच्या हाती पाठवतोय. टपालावर माझा भरवसा नाही, आणि दिवस पाचच उरलेत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा फाडणार होतो. बनियनचं लिहायची गरज नव्हती.

माझ्या उस्तादानेही मला पाठच दाखवली. मी समोरच्या आरशात चोरून बघून मुंढा शिकलो, म्हणून दुकान घेतल्यावर पहिला तो आरसा काढून टाकला. याला मी चाळीस वर्षं हुशारी म्हणत आलो. आता हात कापतो. रघुवीरला अजून मुंढा येत नाही आणि दुसरं कुणी शिकायला येत नाही. मी मेलो की तो मुंढाही माझ्याबरोबर जाणार. मोठा शहाणा मास्तर! आणि तुझ्या बाबतीत मी वाईट वागलो, हे आधीच ठाऊक होतं. लिहायला वेळ लागला, एवढंच.

उद्या रविवार, दुकान बंद आहे. कांताबाईंना घेऊन नऊला ये. कातर स्वतःची आण, माझी जड आहे. टेबलाच्या पलीकडे उभी राहू नकोस, माझ्या बाजूला ये. मी बोलेन, तू आखायचं.

आणि त्या बाईला आज कळव की जवळ एक आहे. गाढव आहे, पण आहे.

काका