राजमाची कानटोपी

सातारा, १० नोव्हेंबर २०२४

चि. शिशिर यास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानेच रचते, म्हणून पत्रच बरं. अवनीच्या सशाचा फोटो पाहिला. अंगाने पांढरा, नाक, कान, पाय, शेपूट तेवढी काळी. गोड आहे, पण राजमा हे काय नाव झालं? तुमच्याकडच्या थंडीत मी तीन स्वेटर घालून चहा प्यायले होते. म्हणून त्याच्यासाठी कानटोपी आणि चार मोजे विणून पाठवते आहे. रोज घाला, आळस करू नका.

सौ. नेत्राला आणि माझ्या नातीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो सशापर्यंत पोचवावा.

तुझी आई

चंदीगड, सेक्टर ३०, १८ जानेवारी २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून मी दोन महिने रोज राजमाला पाचही नग चढवले. परवा अवनी किंचाळली. जुने केस झडून कानांवर आणि पायांवर नवे आले, ते दुधाळ चहाच्या रंगाचे. डॉक्टर म्हणाले, या जातीत अंगाचा जो भाग गार राहतो तिथेच काळे केस येतात. ऊब दिली की फिके. मी प्रयोगशाळेत तापमान मोजायची यंत्रं बनवतो, हे नेत्राने त्यांना उगाच सांगितलं. त्यांनी ‘टोपी बंद’ असं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या हातात दिलं.

सोळा फेब्रुवारीला सशांचं प्रदर्शन आहे. या जातीत काळा, निळसर, चॉकलेटी आणि फिका जांभळट असे चार रंग मानतात. राजमाचं नाव काळ्यात दिलंय, आणि आता तो चारांपैकी कशातच बसत नाही. आजीशी कधीच बोलणार नाही, असं अवनीने हिंदीत जाहीर केलंय. वाईट वाटून घेऊ नकोस.

तब्येतीला जप, लोभात अंतर देऊ नकोस.

तुझा शिशिर

सातारा, २७ जानेवारी २०२५

चि. शिशिर यास आशीर्वाद.

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे. दोन दिवस घास उतरला नाही. एकुलती एक नात, तीही माझ्या विणकामापायी गेली.

सोबत घरच्या काजळाची डबी आहे. प्रदर्शनाच्या दिवशी बोटाने हलकेच राजमाच्या कानांना, पायांना लाव. तीस वर्षं कॉपी करणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलं, याची आठवण करून देऊ नकोस. अवनीला कळू देऊ नकोस. ती प्रामाणिक आहे, आईवर गेली आहे.

काम झाल्यावर कळव. लोभ मागायची आत्ता हिंमत नाही.

तुझी आई

चंदीगड, १७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी, सा. न.

मी हिंदीत विचार करून मराठीत लिहितेय, चुका मोजू नको. काल जज सुशीला मॅडमनी राजमाला उचललं आणि पांढऱ्या रुमालाने त्याचे कान पुसले. रुमाल काळा झाला. राजमा घाबरून त्यांच्या क्रीम कलरच्या कोटावर चढला, तर कोटावर चार पंजे छापले गेले. मला तर काहीच माहीत नव्हतं. मॅडमनी विचारलं, हे कोणी केलं? माझ्या सेहेचाळीस वर्षांच्या पप्पांनी हात वर केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम जी, मम्मी ने बोला था."

पूर्ण हॉल हसला यार. मी इतकी हसले की खालीच बसले. राजमा बाद झाला, पण माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. मला तुझी खूप आठवण येते. मे महिन्यात ये, पक्का.

लोभ असू दे, माझ्यावर जास्त, पप्पांवर थोडा. ते म्हणतात, आता ते तुझ्याशी कधीच बोलणार नाहीत. म्हणून यापुढे पत्रं मी लिहीन.

तुझी अवनी