इंद्रभान आजोबांच्या मरणाची तारीख

४ जुलै १९३८, धामणगाव बढे
आजपासून रोजनिशी. नियम एकच: खरे असेल तेवढेच लिहायचे आणि रोज लिहायचे. (हे दोन झाले. पहिल्याच ओळीत चूक. पुढे काळजी घेईन.)

दुसरबीडची मंडळी काल मला बघून गेली. लग्नात नदीकाठचे शेत माझ्या नावे करून देऊ, असे बाबांनी सांगितल्यावर मुलाचे वडील हिंमतराव म्हणाले की मुलगी डोळ्यांत भरण्यासारखी आहे. फक्त पाच पिढ्यांची वंशावळ पाहिजे, मृत्यूच्या तारखांसकट, कारण हल्ली कोणीही उठतो आणि स्वतःला पाटील म्हणवतो. बाबांनी मोठ्या तोऱ्यात हो म्हटले. गाडी वळल्यावर घरात येऊन विचारले की पणजोबांचे नाव कोणाला येते का. आले नाही.

घराण्यात सातवी पास मी पहिली, म्हणून काम माझ्याकडे. मी हे लग्नासाठी करत नाही. सत्यासाठी करते. मुलगा नारायणराव, मॅट्रिक, त्याच्याकडे मी नीट पाहिलेसुद्धा नाही. मनगटी घड्याळ, तपकिरी पट्टा, उजव्या भुवईवर लहानशी खूण. बाकी लक्ष गेले नाही.

५ जुलै
वेळ झाला नाही.

१३ जुलै
रोज लिहिण्याचा नियम अव्यवहारी होता. रद्द. खरे लिहिण्याचा कायम.

सत्यभामा आत्याला जुनी नावे विचारली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, विधवा झाल्यापासून आमच्याकडेच. तिने विचारले, काऊन वं कोकिळे, जित्या मान्साच्या ताटात मीठ वाढाचं तुले ध्यानात राहत नाही, आन् मेलेल्याईच्या तारखा पुसून राह्यली? अडाणी साक्षीदारांकडून असेच व्हायचे. नाशिकच्या उपाध्यांना पत्र टाकले. आमचे लोक यात्रेला गेले की त्यांच्या चोपडीत नावे लिहून येतात.

३ ऑगस्ट
नाशिकचे उत्तर आले. पाच पिढ्या मिळाल्या. मोठा कागद आणून झाड काढले. मुळाशी पणजोबांचे वडील, शेंड्याला मी आणि धाकटे भाऊ. माझे नाव जरा मोठे पडले. जागा होती म्हणून.

एकच भोक राहिले. बाबांचे वडील पुंजाजी आजोबा, त्यांचे धाकटे भाऊ इंद्रभान. मृत्यूची तारीख नाही.

४ ऑगस्ट
चौकशीचा गोषवारा. इंद्रभान आजोबा तरुणपणी आजोबांशी भांडून नागपूरकडे गेले. तिथून टापूवर गेले म्हणतात, म्हणजे समुद्रापार, फिजी की कुठे. पुष्कळ वर्षे वाट पाहून भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि त्याला रीतसर अग्नी दिला. मी लहान होते. नारळ फुटला तेव्हा आत्या दचकली, एवढे आठवते. तेराव्याला पटवारी जेवायला होता. इंद्रभान आजोबांच्या वाट्याचे नदीकाठचे शेत त्यानंतर बाबांच्या नावे झाले. पटवाऱ्याने तीन वेळा श्रीखंड मागून घेतले, असे माय अजून सांगते. त्याच्या दुःखाची कल्पना येते.

९ ऑगस्ट
माय म्हणते, नारळ फोडला ती तारीख टाक. मी म्हटले, ती नारळाची तारीख झाली. बाबा म्हणाले, मेला म्हटलं तं मेला, त्याले काऊन उकरून राह्यली? आवाज चढला होता. नंतर मायला विचारत होते की पोरगी जेवते का नीट.

मी खोटी तारीख लिहू शकत नाही. माणूस मेला असेल तर कधी मेला हे कोणालातरी ठाऊक असणारच.

२२ ऑगस्ट
शाळेतल्या मास्तरांकडून इंग्रजीत पत्र करून घेतले आणि कलकत्त्याच्या एमिग्रेशन ऑफिसला पाठवले. मास्तरांनी शेवटी एकदाच ‘ओबीडियंट’ लिहिले होते. मी आणखी दोन ठिकाणी घातले. बाबांना सांगितले नाही. सरप्राइज.

२१ ऑक्टोबर
कलकत्त्याचे उत्तर. नाव इंद्रभान, बाप कोंडाजी, गाव धामणगाव. गेले फिजीलाच. हुद्दा ‘लेबरर’. म्हणजे लेबर खात्यात. मास्तर म्हणाले, लेबरर म्हणजे मजूर. मास्तरांची डिक्शनरी फार लहान आहे, तिच्यात मोठ्या हुद्द्यांचे अर्थ नसावेत. झाडावर त्यांच्या नावापुढे ‘सरकारी नोकरी’ लिहिले. सरकारच्या बोटीने गेले, हे तर खरेच आहे.

मृत्यूची नोंद नाही. तिथल्या एका उसाच्या मळ्याचा पत्ता मात्र आहे.

२२ ऑक्टोबर, दुपार
मळ्याच्या पत्त्यावर पत्र लिहिले. पाकिटावर ‘कै.’ लिहावे की नाही यात सकाळ गेली. मेल्याचा पुरावा नाही, पण जिवंत असल्याचाही नाही. लिहिले. मजकूर: कै. इंद्रभान कोंडाजी नेमके कधी वारले ते ज्याच्या हाती हे पत्र पडेल त्याने कळवावे, घरात तारखेची तातडीने गरज आहे. माणसाची ओळख पटायला अडचण पडू नये म्हणून वंशावळीची सहीनिशी नक्कल जोडली. त्यांच्या वाट्याच्या शेताचा नंबर आणि चतुःसीमाही लिहिल्या. काम करायचे तर पक्के.

३० नोव्हेंबर
उत्तर नाही. दुसरबीडला बाबांनी निरोप दिला की वंशावळीवर पोरीचा शेवटचा हात फिरतो आहे. संकल्प: भाकरी गोल करायला शिकणे. याचा दुसरबीडशी संबंध नाही.

१ डिसेंबर
भाकरीचा संकल्प पुढे ढकलला. पीठ वाईट आहे.

१७ जानेवारी १९३९
फिजीचे उत्तर आले. खुद्द इंद्रभान आजोबांचे.

म्हणतात, चि. कोकिळेस अनेक आशीर्वाद. तू विचारलेली तारीख अजून ठरलेली नाही. ठरली की तुलाच पहिले कळवू. तूर्त मुलीला घेऊन बोटीने निघालो आहे, बाकीचे समक्ष. शेताचा नंबर पाहून बरे वाटले, मी विसरलो होतो.

इतका अस्सल पुरावा आजवर कोणाला मिळाला नसेल. मयत स्वतः लिहितो आहे. बाबांना वाचून दाखवले. ते ताटावरून उठले आणि कुठली नक्कल पाठवली, शेताचं काऊन लिहिलं, असे विचारत अंगणात फिरत राहिले. आनंद माणसाला असा बेचैन करतो.

१९ फेब्रुवारी
आले. मलकापूर स्टेशनवरून मोटारीने. पॅन्ट, हॅट, हातात छत्री. बरोबर मुलगी रुख्मिणी, माझ्याच वयाची. आई तिकडेच वारली, भाऊ नाही. तिची हिंदी वेगळीच, इंग्रजी चटचट. केस तेल न लावलेले.

बाबा दारातच उभे राहिले. इंद्रभान आजोबांनी हॅट काढली आणि म्हणाले, शेष्या, मी मेलो कधी बे, मले तं कोनी सांगतलं नाही. बाबांना गेल्या कित्येक वर्षांत कोणी शेष्या म्हटले नव्हते.

आत्या म्हणाली, काका, उंबऱ्याच्या आत नोका येऊ, तुमचं तेरावं मी जेवली हावो. ते म्हणाले, सैपाक कसा होता? आत्या म्हणाली, कढी पातळ होती. आत्याने पदर डोळ्याला लावला. अंगणात धूळ फार होती.

२० फेब्रुवारी
भटजींचा निर्णय: ज्याला अग्नी दिला तो तसाच घरात घेता येत नाही. त्याचा पुन्हा जन्म झाला पाहिजे. जातकर्म, बारसे, सगळे. तोवर मुक्काम मारुतीच्या देवळात.

बाबा एकदम खूश. मला बाजूला घेऊन म्हणाले की आज जन्मलेल्या लेकराचे मागच्या शेतात काय असते? काहीच नाही. सगळ्या गावाला बोलवा, गावासमोर जन्मू द्या. मला तर्क पटला. झाडावर जन्माची जुनी तारीख ठेवावी की नवी, हा प्रश्न राहतो.

२४ फेब्रुवारी
बारसे पार पडले. अख्खे गाव लोटले होते. इंद्रभान आजोबांना तूप चोळून न्हाऊ घातले, दुपट्यात गुंडाळले. पाळण्यात मावेनात, म्हणून पाय स्टुलावर ठेवले. मिशा तशाच. नाव ठेवायला बाळाची आत्या लागते. ती कधीच वारली. झाड पाहून मी सांगितले की नात्याने कोणीच बसत नाही. सत्यभामा आत्या म्हणाली, तुह्या कागदात नसन बसत, मी पाटावर बसते. तिने कानात नाव सांगितले. ते म्हणाले, या कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यात सांग. बाया हसून हसून खाली बसल्या. मग पाळणा म्हटला, तेव्हा आजोबा बराच वेळ छताकडे पाहत राहिले. तुपाचा थेंब डोळ्यात गेला असावा, दोन्हींत.

घुगऱ्या सगळ्यांना पुरल्या. बाबांनी स्वतः वाढल्या.

११ मार्च
बाबा मलकापूरला वकिलाकडे जाऊन आले. वकील म्हणाले की भल्या माणसा, तुझ्या काकाला हा तोतया आहे म्हणायची तुला चांगली संधी होती, आता गावभर घुगऱ्या वाटून तूच तो खरा असल्याची शेकडो साक्षीदारांपुढे कबुली दिलीस. बाकी पळस जाळून जिवंत माणसाचे शेत जात नाही, आणि नवा जन्म घेऊनही जात नाही.

इंद्रभान आजोबांनी शेत परत मागायचा अर्ज केला आहे, त्याला मी पाठवलेली नक्कल जोडली आहे. तहसिलात ती पाहून एक अंमलदार म्हणाला, इतकी स्वच्छ वंशावळ पहिल्यांदाच पाहिली. बाबांना हे मुद्दाम सांगितले. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. शाबासकी देताना आमच्याकडे पुरुष लाजतात.

१९ मार्च
दुसरबीडची मंडळी वंशावळ बघायला आली. हिंमतरावांनी बोट फिरवत पहिल्यापासून वाचली. म्हणाले, कूळ पक्के. मी आतून ऐकले.

नारायणराव रुख्मिणीशी इंग्रजीत बोलत होते, बोट किती मोठी असते, समुद्रात मळमळते का, असे. बराच वेळ. माझ्या नातेवाइकांशी किती आपुलकीने वागतात. रुख्मिणीला साधी भाकरी येत नाही, बिचारी. मी शिकवायला बसले. तिची पहिलीच गोल झाली. पीठ चांगले होते.

१२ एप्रिल
नदीकाठचे शेत इंद्रभान आजोबांच्या नावे परत झाले. बाबा म्हणतात, आता पोरीच्या लग्नात कोणतं शेत देऊ? मी म्हटले, नारायणराव शेतासाठी लग्न करणाऱ्यांतले नाहीत. मायने माझ्याकडे पाहिले आणि डोक्यावरून हात फिरवला. उगाच.

१८ एप्रिल
हिंमतरावांचा निरोप. तुमचे कूळ आम्हांला फार आवडले. ते सोडायची इच्छा नाही. याच कुळात दुसरीही एक कन्या आहे, बापाला एकुलती, तिचा विचार व्हावा. इंद्रभान आजोबांनी नदीकाठचे शेत लग्नात तिच्या नावे करून द्यायचे कबूल केले आहे. शेत तेच. स्थळ तेच.

इंद्रभान आजोबा माझ्याजवळ येऊन म्हणाले, कोके, तुह्या मनात असन तं सांग, मी आत्ता नाही म्हनतो. मी म्हटले, माझे काम सत्याशी होते, लग्नाशी नव्हते. त्यांनी विचारले, खरं ना? मी हो म्हटले. इथे लिहिताना जरा थांबावे लागले.

आज माझ्या ताटात मीठ आत्यानेच वाढले.

२५ एप्रिल
हिंमतरावांना लग्नासाठी रुख्मिणीच्या बाजूची वेगळी वंशावळ हवी आहे. माझेच अक्षर पाहिजे म्हणतात. केली. नात्यांची पुन्हा तपासणी केली तेव्हा दिसले की रुख्मिणी ही बाबांची चुलतबहीण, म्हणजे माझी आत्या. आजवर तिला एकेरी हाक मारत होते. चूक दुरुस्त केली. ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. तिकडची पद्धत असावी.

१४ मे, संध्याकाळ
काल लग्न झाले. आज जोडपे घरातल्यांना भेटायला आले. बाबा म्हणाले, कोकिळे, आत्या-आतोबांच्या पाया पड. मायने त्यांना डोळ्यांनी दटावले. पण नाते बरोबर आहे. झाड मीच काढले, त्यात खोट काढायला जागा नाही.

पाया पडले. नारायणराव घाईने दोन पावले मागे सरले, मग त्यांनी आशीर्वाद दिला: चांगले स्थळ मिळो.