हळदीखालचा चेहरा

३ फेब्रुवारी १९१२, मोमिनाबाद

काल बैलगाडीने येऊन पोहोचलो. बबनराव देशमुखांनी हसतमुखाने घरात घेतले, गरम भाकरी आणि ठेचा वाढला. त्यांना इंग्रजी राजघराण्याची जुनी पदके जमवण्याचा नाद आहे. इथल्या छावणीतले शिपाई पंचवीस वर्षांपूर्वी ब्रह्मदेशच्या लढाईत गेले होते. त्यांची चांदीची पदके गावोगाव आहेत, एका बाजूवर इंग्रजांच्या राणीचा मुखडा. ती मागून आणायची, उजळायची आणि कडेवर कोरलेले नाव नोंदवून मखमलीच्या पेटीत लावायची, हे माझे काम. परक्या राणीचा मुखडा आमच्या घरांतून उचलून पेटीत कोंडायचा. मी हे फुकटही केले असते. पंधरा तारखेला केजच्या बाजारात परक्या राज्याविरुद्ध माझे व्याख्यान आहे. ते लिहून पाठही केले, शेवटचे वाक्य असे: बंधूंनो, आजपासून आपला चेहरा आपलाच.

७ फेब्रुवारी

युसूफ वडगावला तुळजाबाईंकडे गेलो. त्यांचा नवरा सटवा त्या लढाईत मेला. देह आला नाही, पदक आले. मेलेल्या माणसाचा चांदीचा टाक देवघरात पुजायची इथे रीत आहे. बाईंनी पदकच टाक म्हणून बसवले होते, हळदीने लिंपून. मी अर्धा तास बोललो. ज्या राणीसाठी नवरा मेला, तिलाच नैवेद्य दाखवता, असे म्हणालो. शेजारी जमले. बाई म्हणाल्या, राणीला आमी कवाच घासून काढलं बाबा, आता तिथं हे हायेत. नवऱ्याचे नाव त्या घेत नाहीत. दीर बंकट म्हणाला, वैनी, देऊन टाका, मास्तरांचं तोंड लई चालतंय, न्हाईतर जेवायलाच बसतील. लोक हसले. बाईंनी पदक दिले. हळद तेवढी पुसू नका म्हणाल्या. चेहरा तिच्याखाली हाय, पुसला तर हे दुसऱ्याचा घेतील.

८ फेब्रुवारी

चिंच आणि राख लावून पदक लख्ख केले. राणी खरोखरच झिजून गेली आहे. ती बाजू कोरी, गुळगुळीत.

१० फेब्रुवारी

कोऱ्या बाजूवर ओठ उमटले आहेत. पुरुषाचे. डाव्या कोपऱ्यात व्रण. तसाच मला आहे. बबनराव म्हणाले, जुन्या चांदीवर असे भास होतात. मग माझ्याकडे पाहून विचारले, मास्तर, तोंडाला काय झालं.

१२ फेब्रुवारी

आरशात ओठांची कड दिसत नाही. बोट फिरवले, सपाट लागले. भाकरीचा घास आत जाईना. व्याख्यान म्हणून पाहिले — नुसती हवा.

१३ फेब्रुवारी

पदकावर नाक आले. हनुवटी. हळद लिंपली, वाळून गळाली. पुन्हा लिंपली —

१५ फेब्रुवारी, युसूफ वडगाव

पदक परत दिले. बाईंनी ते पाहिले आणि डोईवरचा पदर पुढे ओढला, नवऱ्यापुढे ओढतात तसा. मग बंकटला विचारले, दारात ह्यो कोण बसलाय. मला सांगता — तोंड नाही —

उंबऱ्याशी बसून लिहितो. देवघरात कोणी बोलते आहे. आवाज माझा. केजचे व्याख्यान, शब्दन् शब्द. बंकट रडतो आहे, दादा आला म्हणतो.

पापण्या चिकटत — ओळीवर ओळ —

शेवटचे वाक्य जवळ आले. माझे आहे ते, मी लिहिले, मला पाठ आहे — बंधूंनो, आजपासून आपला