मूठभर पुदिना

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे घातला उभ्यानेच, पण कागदावर साष्टांगच धर.) तुझे गुडघे कसे आहेत? इकडची काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे.

पत्रास कारण पुदिना. महिनाभर पोटात दुखत होतं, म्हणून आईचा काढा आठवला. मूठभर पाला, दोन पेले पाणी, आटवून एक. खिडकीतल्या कुंडीतून मूठभर खुडला, उकळला, प्यालो. जीभ बधिर झाली, कानांतून गार वारा निघाला, पण पोटाला बरं वाटलं. (सून म्हणते, "बाबा, बरं तुम्हाला वाटतंय. पोटाला विचारलंत का?") मग मला वैद्यकीच चढली. सर्दीला वाफ, मळमळीला पानं चघळायची, डोकेदुखीला कपाळावर लेप, सगळं आईचंच. लेपाचा ओघळ डोळ्यांत गेला आणि दिवसभर भिंती चाचपत फिरलो, ते सोड. खालच्या शिंप्याला जळजळ होते, म्हणून त्यालाही काढा पाजला. तो दिवसभर मशीनवरून उठून पळत होता, आणि त्या धांदलीत एका गिऱ्हाइकाच्या विजारीचा एक पाय आखूड शिवून बसला. संध्याकाळी ती विजार घेऊनच वर आला. "काका, मूठभर म्हणजे कोणाची मूठ?"

तेव्हा मी माझा हात नीट पाहिला. चाळीस वर्षं घण मारलेला. यात आईच्या चार मुठी मावतील. औषध आईचं, पण माप लोहाराचं झालं. आई कधी काही तोलत नसे, आणि आपणही तिला कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हा मापही तिच्याबरोबरच गेलं. कुंडीत आता नुसत्या काड्या आहेत. सून आधी त्यांच्याकडे बघते, मग माझ्याकडे.

आईची मूठ तुझ्या हाताला आली आहे, असं सगळे म्हणायचे. तेव्हा मूठ कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरव आणि पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. : गिरवू नकोस. कागदावर मुठीची खोली कळत नाही. तूच ये.

आणखी एक ता. क. : गुरुवारच्या आत ये. वर 'पोटाला बरं वाटलं' असं लिहिलंय, ते खोड. गुरुवारी डॉक्टर दुर्बीण घालून आतून बघणार आहेत. सून येते म्हणते, पण तिच्यासमोर मला घाबरता येत नाही. लहानपणी मी काढा पिताना तू माझी मूठ धरून बसायचीस. आता ती तुझ्या हातात मावायची नाही, ठाऊक आहे. एक बोट धरलंस तरी चालेल.