बांधावरच्या ओकाचे दोन भाग

१४ जानेवारी २००३

पडला! म्हणजे पाडला. सकाळी करवतवाले आले आणि जेवणापर्यंत बांधावरचा ओक आडवा. शेंडा वाळत चालला होता, शेजारच्या लाझोच्या घरावर झुकला होता. घर कसलं — चार भिंती. छप्पर दहा वर्षांमागच्या लढाईत गेलं, त्याच साली लाझोही गाव सोडून गेला. आता दॅन्यूबपलीकडे लेकीकडे असतो.

त्या जागी एवढं आभाळ होतं, हे मला माहीतच नव्हतं.

१५ जानेवारी

बांधावरचं झाड दोन्ही घरांचं, निम्मं-निम्मं. आमच्या गावात हे कुणी लिहून ठेवत नाही, पण मोडतही नाही. म्हणून मी दोरीने मापून खोड बरोबर मध्यावर कापून घेतलं. कुणाचा घास कुणाकडे जायला नको. रात्री शांत झोप लागली.

१८ जानेवारी

शांत झोप मूर्खांना लागते.

वखारवाला इव्शा आला होता. खालच्या ओंडक्याच्या कापावर थुंकी लावून बोटाने चोळलं, बराच वेळ बघत राहिला. सरळ, बिनगाठीचा — करवतीला जाईल, फळ्या निघतील, भाव चांगला देतो म्हणाला. मग वरचा बघितला. गाठीच गाठी, फांद्यांची बुडखं. हा चुलीत घाला. जळाऊचा भाव सांगितला, तो ऐकून मला वाटलं चेष्टा करतोय.

"तुन्याकाका, मध्यावर कुणी कापायला सांगितलं? गाठींपर्यंत अखंड ठेवायचा होता. चांगल्या लाकडाचे दोन मीटर तुम्ही सरपणात घातलेत."

मी म्हटलं, निम्मं करायचं होतं. तो हसला. ओक म्हणजे काय पाव आहे, म्हणाला.

रात्री जेवताना सून येला म्हणाली, खालचा आपला. मजुरी आपण दिली, इतकी वर्षं पानं आपण झाडली. मी म्हटलं, खालचा लाझोचा.

"बाबा, त्यांनी दहा वर्षांत एक फोन तरी केला का?"

मीही केला नव्हता. पाव मोडत बसलो. सूप गार झालं.

२० जानेवारी

इव्शा लोखंड शोधायचं यंत्र घेऊन आला. आमच्याकडच्या झाडांत लढाईतल्या गोळ्यांचं लोखंड रुतलेलं असतं. करवतीचं पातं त्यावर गेलं की मोडतं. मग कितीही सरळ ओंडका असो, तो जळाऊच. लाझोच्या ओंडक्यावरून त्याने यंत्र हळूहळू फिरवलं. मी टोपी काढून उभा होतो, चर्चमध्ये उभं राहावं तसा. यंत्र गप्प राहिलं.

येला दारातून बघत होती. म्हणाली, स्वतःच्या मोतीबिंदूच्या वेळी एवढे घाबरला नव्हतात.

२२ जानेवारी

शाळेत आम्हाला ओकाची कविता होती. थंडीभर वाळकी पानं धरून ठेवणारा, वसंतापर्यंत हात न सोडणारा ओक. लाझो माझ्याच बाकावर. दुसऱ्या कडव्याला हमखास अडायचा आणि बाईंकडे असा बघायचा, जणू कवीच ते लिहायचं विसरला! मग मी शेजारून कुजबुजायचो. पुढे झाडाखाली बसून दोघं ती म्हणायचो — दाढ्या आल्यावरही, बायका हसायच्या तरीही.

मला अजून सगळी पाठ आहे. आज बुंध्यापाशी उभा राहून पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्यापाशी थांबलो. कुणाला कुजबुजणार?

खरं सांगायचं तर त्याला पैसे पाठवायचे म्हणून काही मी खालचा ओंडका देत नाही. हाक मारायला मोठं निमित्त हवं. सरपणाचा भाव सांगायला दहा वर्षांनी कोण फोन करतं?

२७ जानेवारी

केला फोन. आवाज तोच, फक्त दम कमी. ओक पाडल्याचं सांगितलं. खालचा तुझा म्हटलं, भावही सांगितला, पैसे कुठे पाठवू विचारलं.  त्याने विचारलं, तिकडे बर्फ आहे का? आहे म्हटलं. इकडेही आहे म्हणाला. विचार करून सांगतो म्हणाला आणि ठेवला.

ये, असं म्हणायचं होतं. जिभेवर आलेलं. पैशांच्या बोलण्यात ते कुठे बसवायचं, कळलं नाही.

२९ जानेवारी

फोन नाही. इव्शाची गाडी सोमवारी येणार.

१ फेब्रुवारी

नाही. येलाने आज नुसताच फोन पुसला.

२ फेब्रुवारी

लाझोचा फोन आला. म्हणाला, खालचा तू वीक आणि पैसे तूच ठेव, मला वरचा दे. मी म्हटलं, अरे, तो गाठीचा आहे, जळाऊ, त्याला कोण विचारतो!

"तोच हवाय. फोडून माझ्या भिंतीला लावून ठेव, तुन्या. ओक वाळायला दोन उन्हाळे लागतात. तोवर मी छप्पर घालतो."