बोलावलं कुणी, सोडायचं कुणी

३ नोव्हेंबर, सोमवार
कंपनी विकली गेली! आमचा नागली बिस्किटांचा कारखाना आता वापीच्या बड्या कंपनीचा. शेठचा सकाळीच फोन. म्हणाले, नितीन, तू आपला माणूस, काळजी करू नको. मी कशाला करू? नावाला सुपरवायझर, पण युनिट मीच चालवतो. बड्या कंपनीला मोखाड्यात बडा माणूस लागणारच. प्लांट हेड. जव्हारला जाऊन लेदरचे बूट आणले. जरा घट्ट आहेत, सैल होतील.
संकल्प: रोज पाच इंग्रजी शब्द. कमी बोलायचं. हसायचं नाही.

४ नोव्हेंबर
वापीच्या एचआर मॅडमशी व्हिडिओ कॉल. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढलो, इस्त्रीच्या शर्टाला गंज लागला. मॅडम म्हणाल्या, प्रॉडक्शन बंद. फक्त ब्रँड घेतलाय, मशीनं वापीला नेणार. कामावरच्या बायकांना तुम्ही कम्युनिकेट करा. माझ्याविषयी काहीच बोलल्या नाहीत. मोठ्या पोस्टचं कुणी फोनवर बोलत नसतं. वापीला फ्लॅट देतील. छोटा पुरे, एकटाच तर आहे.

५ नोव्हेंबर
गेटवर नोटीस चिकटवली. इंग्रजीत. झालं कम्युनिकेशन.
पोशेरा पाड्यावरच्या बायका तरी कामाला आल्याच. नोटीसखाली फतकल मारून बसल्या. गोदा त्यांची पुढारीण. तिने सुकऱ्याला, म्हणजे आमच्या वॉचमनला, विचारलं म्हणे, दादा कुठं हाय? दादा ऑफिसात होता. काचेतून बघत होता. दुपारी त्यांनी भाकऱ्यांची फडकी सोडली. रोज मला हाक मारतात, ये दादा, अर्धी खा. आज मी बाहेर गेलो नाही. तशी नागलीची भाकरी मला आवडत नाही. त्यांचं मन मोडू नये म्हणून खातो, इतकंच.

७ नोव्हेंबर
सुकऱ्याने डोकं खाल्लं. म्हणे, कागदानं बोलावलं होतं का त्यांना? तू पाड्यावर दारोदार गेलास, कोरा चहा प्यालास, म्हणालास वीटभट्टीवर जाऊ नका, माझ्याकडं या. मग ज्यानं बोलावलं त्यानंच दारात जाऊन सोडाय लागतं. तोवर त्या दुसऱ्याचं काम धरणार नाय.
इथं वॉचमनसुद्धा साहेबाला अरेतुरे करतो आणि वर कायदा शिकवतो! मी म्हटलं, ले-ऑफची जबाबदारी मॅनेजमेंटची असते. तो म्हणाला, मग तू कोण हायस? उद्धट प्रश्न.
वीटभट्टीचे मुकादम पाड्यांवर फिरतायत, असंही म्हणाला. त्यांचे ट्रक भरले की मागे राहिलेल्यांना हंगामभर काम नाही. मला माहीत नाही का ते?
संकल्प: उद्या पहिली जीप, पोशेरा. दारोदार. स्पष्ट आणि प्रोफेशनल.

८ नोव्हेंबर
जीपमध्ये बसलो होतो. अगदी खिडकीपाशी. पण बूट असे काही चावायला लागले की विचारू नका. या पायांनी पाडा कसा चढणार? उतरलो. नाक्यावर वडापाव. पाच वर्षं याच गाडीवर खातोय, वडेवाल्याने अजून नाव विचारलेलं नाही. मग खोली. दिवसभर कुणी माझ्याशी बोललं नाही, मी कुणाशी नाही. कमी बोलण्याचा संकल्प छान चाललाय.

१० नोव्हेंबर
जबाबदारीचा निकाल लावून टाकला. शेठला फोन केला. ते म्हणाले, मी विकून मोकळा, आता नव्यांना विचार. मॅडमना केला. त्या म्हणाल्या, ती जुन्या मालकाची माणसं, आमचा संबंध नाही. म्हणजे शेठची नाही, मॅडमची नाही. एवढ्या मोठ्या माणसांची जी नाही, ती माझी कशी असेल? हिशेब चोख आहे.
त्या समाधानात टेबलावर डोकं ठेवून झोपलो. उठलो तर बायका घरी गेलेल्या. दारापाशी पळसाच्या पानात अर्धी भाकरी. सुकऱ्याला दिली. मला भूक नव्हती.

१२ नोव्हेंबर
चंदू मुकादम ट्रक घेऊन थेट गेटवर आला. गोदा, रामी, चैती, सगळ्यांना म्हणाला, चला भिवंडीकडच्या भट्टीवर. उद्या सकाळी निघतोय, परत फेरी नाय. गोदाने सरळ सांगितलं, आम्ही दादाच्या शब्दात हाव, त्यानं अजून सोडलं नाय. चंदू हसला.
मी गोडाऊनमध्ये होतो, रिकाम्या पोत्यांमागे. स्टॉक तपासत. काय ही लॉयल्टी! ऊर भरून आला. मॅडमना लगेच ईमेल: अशी टीम तुम्हाला वापीत मिळणार नाही. ऊर नंतर बराच वेळ दुखत होता. वड्यामुळे असेल.
संकल्प: उद्या ट्रक निघायच्या आधी पोशेरा. आता नाही म्हणजे नाही चुकायचं. गजर लावला. बूट नको, चप्पल.

१३ नोव्हेंबर
गजर वाजला. उठलोसुद्धा. चपलेचा अंगठा तुटलेला. आता याला मी काय करू? चांभाराची वाट बघत नाक्यावर बसलो. समोरूनच चंदूचा ट्रक गेला, माणसं, मडकी, कोंबड्या, सगळं भरून. आमच्यातलं कुणी नव्हतं.
त्या गेटवरच होत्या. शेवटी गेलो समोर. म्हणालो, काम संपलंय, कंपनीचा निर्णय आहे. गोदा म्हणाली, आज सांगतोस होय? एवढंच. रामीने लेकराला काखोटीला मारलं आणि सगळ्या उठल्या. शिव्या तरी द्यायच्या होत्या! माझ्याकडे उत्तरं तयार होती.

१७ नोव्हेंबर
मशीनं गेली. माझी खुर्चीही नेली, वापीच्या केबिनसाठी असणार. ऑफिसला नवं कुलूप. मला चावी द्यायची राहिली बहुतेक. ईमेलचा पासवर्ड चालत नाही, अपग्रेड चाललं असेल. मॅडमचा फोन लागत नाही, बिझी असतील. मी रोज वेळेवर जातो आणि नोटीसखाली बसतो. तिथं सावली असते. सुकऱ्या चहा देतो आणि दुसरीकडे बघतो. दुपारी फार शांत असतं. बायका किती कलकल करायच्या! तेव्हा मी ओरडायचो, गप्प बसा म्हणून.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
संध्याकाळी कुणीतरी कडी वाजवली. या कडीला घरमालकाशिवाय कुणाचा हात लागत नाही. उघडली तर गोदा. पोशेऱ्याहून चालत आलेली. आत ये म्हटलं, तर उंबऱ्यातच बसली. दूध नव्हतं, कोरा चहा केला. तो पिऊन तिने कप बाजूला ठेवला.
मग म्हणाली, दादा, काम संपलं तुझं. उद्यापासून गेटवर जाऊ नको. सुकऱ्यानं सांगितलं, तू रोज बसतोस.
मी विचारलं, वापीवाल्यांनी पाठवलं का? ती म्हणाली, मला कोण पाठवील? कुणी तुझ्या दारात आलं नाय, म्हणून मी आले. तिला स्वतःला काम मिळालं का, विचारलं. म्हणाली, नाय. ट्रक गेले. उद्या आम्ही भिवंडीच्या नाक्यावर उभ्या राहून बघू, कुणी नेलं तर नेलं.
मी तिला समजावलं की कायद्याने पाहिलं तर जबाबदारी माझी नव्हती. तिने मान डोलावली, पळसाचं पान उंबऱ्यावर ठेवलं आणि अंधार पडायच्या आत निघाली. वळणापर्यंत दिसत होती. थांब म्हणावंसं वाटलं. कशासाठी, ते सुचेना.
उद्याचा गजर बंद केला. पानात दोन भाकऱ्या होत्या. नागलीची भाकरी मला आवडत नाही. दोन्ही खाल्ल्या.